पँट सैल करून घ्या, सिगारेट मात्र परत नको

नाशिक

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, लग्नाला जायच्या पँटचा हूक लागेना म्हणून बाबा चिडले आणि म्हणाले, "सिगारेट होती तोवर अंग तरी आटोक्यात होतं." तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात आहे. दुकानात औषधं देतानाही तेच आठवतं. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. निकोटिन भूक मारतं आणि शरीराला बसल्या जागी जरा जास्त जाळायला लावतं. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याच्या अंगात त्यामुळे साधारण २०० कॅलरी जास्त खर्च होतात. दोन पोळ्या धरा. तुमचं पाकीट दोन दिवस जायचं, म्हणजे तुमचा आकडा त्याहून कमी. सिगारेट सुटली की हा खर्च थांबतो, भूक परत येते, आणि जिभेला नि नाकाला चव-वास कळायला लागतात. तुम्हीच म्हणालात ना, आमटीतला गोडा मसाला इतक्या वर्षांनी जाणवला म्हणून. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पण चव आली की वाटीभर आमटी जास्त जाते, हेही ओघानं आलंच.

हे बहुतेकांचं होतं. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब आला होता. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी साडेचार-पावणेपाच किलो वजन वाढतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांतच. तुम्ही पाडव्याला सोडलीत, आता श्रावण लागेल. म्हणजे वाढीचा सगळ्यात जोराचा काळ तुमच्या मागे पडला आहे. शंभरातल्या सोळा जणांचं वजन तर उलट कमी झालं होतं.

आणि बाबा, हृदयाचं ऐका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांवर वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. त्यातून २०१३ मध्ये असं दिसलं की ज्यांना मधुमेह नव्हता आणि ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांचा हृदयविकाराचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा जवळपास निम्मा होता. वजन वाढलं तरी तो फायदा गेला नाही. तेव्हा पोटासाठी परत एक-दोन ओढायच्या, हा हिशेब कुठूनही बसत नाही. पँट शिंप्याकडे द्या, कंबरेत दाब असेल तेवढा सोडून देईल.

तरी वजनाकडे लक्ष द्यायला हवंच. सोडल्यानंतर ज्यांचं वजन बरंच वाढतं, त्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका जास्त असतो. आपल्या घरात आजीला साखर होती, आणि तुम्हाला बीपीची गोळी चालू आहेच.

आता आई, थोडं तुझ्याशी. बाबांची चिडचिड बघून तू चार वाजता साजूक तुपातला शिरा करतेस, मोती चौकातून कंदी पेढे येतात, चहाबरोबर खारी असते. तुझा जीव तुटतो म्हणून करतेस, कळतं मला. पण वजन तिथूनच येतंय. दोन्ही जेवणांत बाबा जवळजवळ आधीइतकंच जेवत असतील. मोठा फरक पडलाय तो दुपारचा चहा ते रात्रीचं जेवण या मधल्या वेळात. तेव्हा ते नाक्यावर जाऊन दोन-तीन ओढायचे. आता हात रिकामा, तोंड रिकामं, आणि समोर डबा. त्या वेळेची सोय आधीच करून ठेव. काकडी किंवा गाजर चिरून, भाजलेले फुटाणे, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, जिरं घातलेलं पातळ ताक. शेंगदाणे मूठभर ठीक, पण डबा समोर ठेवू नकोस, वाटीत काढून दे. पेढे सणाला आणा, घरात साठा नको. शिरा रविवारी कर, मीही आले की खाईन.

सिगारेटची तल्लफ आली की ती फार तर काही मिनिटं टिकते. तेवढ्यात घोट-घोट पाणी प्यायलं, गच्चीत दोन फेऱ्या मारल्या तरी निभतं. प्रत्येक तलफेला काहीतरी खाल्लंच पाहिजे असं नाही. बाबा, तुम्हाला भूक लागली आहे की तलफ आली आहे, हे एकदा मनाला विचारत जा. भूक असेल तर भाकरीही चालेल असं वाटतं. फक्त पेढाच हवा असं वाटलं, तर ती बहुधा तलफ असते.

जेवण झालं की तुम्ही हात धुऊन सरळ ओट्यावर जायचात. ती सिगारेट म्हणजे जेवण संपल्याची खूण होती. आता ती खूण नाही म्हणून ताटावरच रेंगाळणं होतं आणि भाताचा आणखी एक घास जातो. जेवल्याबरोबर दात घासा आणि शतपावलीला निघा. बडीशेप खा, पण साखर लावलेली रंगीत नको. आणि सुपारी अजिबात नको. साधी, भाजलेली, गोड मसाल्याची, कुठलीच नको. नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो. सिगारेट सोडून सुपारीवर आलेली माणसं दुकानात येतात, तेव्हा मला काळजी वाटते.

चहाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन लवकर निकालात काढतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात कितीतरी जास्त वेळ राहतं. बाबांची झोप उडणं, हात थरथरणं, जिवाची उलघाल यात चहाचाही वाटा असू शकतो. पाच कप होत असतील तर ते अडीच-तीनवर आणा आणि पाचनंतर बंद करा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते, तीही आपोआप निम्मी होईल.

श्रावणी सोमवार धरायचं चाललंय असं आई म्हणाली. श्रद्धेनं धरा, वजनासाठी धरू नका. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, बटाटा, तूप यांनी वजन उतरत नाही. आणि बाबांच्या वयाला उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. उपाशी पोटी तलफही जोर करते. रोजच्या जेवणात भात थोडा कमी आणि वरण, उसळ, दही किंवा अंडं थोडं जास्त, एवढं पुरे.

चालणं मात्र चुकवू नका. पाऊण तास भरभर चाललं की त्या दोन पोळ्यांचा हिशेब बराचसा मिटतो, आणि चालताना तलफही मरते. पाऊस नसेल तेव्हा चार भिंतीच्या टेकडीवर जा. चढ आहे, हळू चढा, दम लागला की थांबा. सोडल्यापासून दम कमी लागतो असं तुम्ही सांगितलंत, ते त्या चढावर अजून नीट कळेल. पाऊस असेल तर घरातच हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा. दहा वेळा, मग थांबून पुन्हा दहा वेळा. आई, तूही कर, गुडघ्यांना बरं.

वजन आठवड्यातून एकदाच बघा, सोमवारी सकाळी. रोज काट्यावर उभं राहिलं की उगीच जीव खाली-वर होतो. त्याहून उपयोगाची तुझी शिवणाच्या डब्यातली टेप. बाबांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि तुझी ८० च्या आत असावी. पोट आत न ओढता मोजा, बाबा.

कधी फारच अनावर झालं तर नाक्यावर जाऊ नका, मला फोन करा. मी कामात असले तर १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्तीची फुकट लाइन आहे, तिथे बोला. निकोटिनचं च्युइंगमही मिळतं, आणि ते चालू असेपर्यंत वजन सावकाश वाढतं. पण बीपी आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन महिन्यांची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, आणि सिगारेट सोडली आहे हे त्यांना आवर्जून सांगा, काही औषधांचा डोस त्यावर ठरतो. रिपोर्टचा फोटो मला पाठवा. गौरी-गणपतीला चार दिवस आधी येते आहे, मोदकांचं सामान मी आणते.

तुमची,
सुमा