शाळा बघून घर

ती. बाबांना सा. न.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत घराचं काय ठरलं आणि मी विषय बदलला, ते तुमच्या लक्षात आलंच असणार. फोनवर हे सांगता येत नाही, मागून चिनू ओरडत असतो, म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत आपल्या लोकांत घर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न शाळा कुठली. सरकारी शाळा फुकट आहेत पण ज्या गावात राहतो त्याच गावच्या शाळेत नाव घालता येतं, आणि शाळेचा बराचसा पैसा त्या गावच्या घरपट्टीतून येतो, म्हणजे महाग घरं तिथे भारी शाळा आणि भारी शाळा म्हणून घरं अजून महाग. ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले बॉस्टन शहरात घेऊ नका, बाहेरच्या उपनगरांत, लेक्सिंग्टन नाहीतर अ‍ॅक्टन बघा. आम्ही पण तेच धरून चाललो होतो.

चिनूला घेऊन जाते त्या लायब्ररीत एक ब्लॅक बाई येतात, साठी ओलांडलेल्या, रॉक्सबरीत, म्हणजे बॉस्टनच्या ब्लॅक वस्तीत, वाढलेल्या. १२ सप्टेंबर १९७४ ला, ब्लॅक आणि गोरी मुलं बसने नेऊन एकत्र शिकवा अशा कोर्टाच्या ऑर्डरनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी, त्यांची मोठी बहीण गोऱ्या वस्तीतल्या साउथ बॉस्टनच्या हायस्कूलला जाणाऱ्या बसमध्ये होती. तिथे गोऱ्या लोकांची गर्दी दगड घेऊन उभी. बसच्या काचा फुटल्या, मुलं जखमी झाली. बहीण घरी आली तेव्हा आई तिच्या केसांतून काच वेचत होती हे त्यांना अजून दिसतं. बाबा, माझा हात चिनूच्या डोक्यावरच होता तेव्हा.

मला वाटायचं हे सगळं अमेरिकेच्या दक्षिणेतलं. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८५५ सालीच कायद्याने ब्लॅक मुलांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या होत्या. त्याच्या आधी सारा रॉबर्ट्स नावाच्या ५ वर्षांच्या ब्लॅक मुलीला गोऱ्यांच्या ५ शाळा ओलांडून आपल्या शाळेत चालत जावं लागायचं, तिच्या वडिलांनी केस केली, १८५० मध्ये हरले, तरी लोक मागे लागले आणि ५ वर्षांत कायदा झाला. आणि तरी जवळजवळ एकशेवीस वर्षांनी दगड! कारण इथे शाळेवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी लावायची गरजच नव्हती. ब्लॅक वस्त्यांना बँका कर्ज देत नसत, सरकारी नकाशांतच त्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवलेल्या, त्यामुळे लोक एकाच भागात कोंडले गेले, आणि वर शाळा कमिटी कुठल्या शाळेची मुलं कुठल्या हायस्कूलला जाणार ते अशा बेताने ठरवायची की ब्लॅक आणि गोरी मुलं एकत्र येऊच नयेत. पालक १९६३ पासून सांगत होते पण कमिटी मान्यच करेना. १९६५ मध्ये रॉक्सबरीच्या आयाबापांनी स्वतः पैसे जमवून बस केल्या आणि दुसऱ्या भागातल्या शाळांतल्या रिकाम्या बाकांवर आपली मुलं नेऊन बसवली. शेवटी जून १९७४ मध्ये जज गॅरिटींनी निकाल दिला की हे कमिटीने जाणूनबुजून केलंय.

पण मला झोप लागू देत नाही ती गोष्ट पुढची आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं ठरवलं की शहरातली ब्लॅक आणि गोरी मुलं एकत्र करायला आजूबाजूच्या उपनगरांना, त्यांचा स्वतःचा दोष दिसल्याशिवाय, ओढता येणार नाही. म्हणजे बस फिरल्या त्या शहरातल्या शहरात, रॉक्सबरीच्या गरिबांची मुलं आणि साउथ बॉस्टनच्या गरीब आयरिश लोकांची मुलं, आणि उपनगरवाल्यांना काहीच झळ नाही. जज गॅरिटी स्वतः वेल्स्ली या उपनगरात राहायचे, लोकांनी ते त्यांना ऐकवल्याशिवाय सोडलं नाही. दगड मारणाऱ्यांची मी बाजू घेत नाही, मुळीच नाही, पण शहराची हद्द ओलांडली की सुटका, आणि आम्ही जे घर बघतोय ते त्याच हद्दीपलीकडे आहे.

लेक्सिंग्टनच्या शाळांत बॉस्टनची थोडी मुलं येतात, मेटको म्हणून कार्यक्रम आहे, १९६६ पासून चालू. पहाटे उठून तासभर बस. पण प्रवास त्यांनीच करायचा, इकडून तिकडे कोणी जात नाही.

हे म्हणतात चिनूचं एकच आयुष्य आहे, त्याच्यावर आपण आपली तत्त्वं लादायची का. मला त्याला उत्तर देता येत नाही कारण तेही खरंच आहे. बाबा, तुमचे सगळे सहकारी आपली मुलं तालुक्याला इंग्लिश मीडियमला घालत होते तेव्हा तुम्ही मला तुमच्याच झेडपीच्या शाळेत बसवलंत, वस्तीवरच्या मुलींच्या शेजारी. मी किती वर्षं रागावले होते तुमच्यावर. तेव्हा तुमच्या मनात काय होतं, भीती वाटली होती का, आई काय म्हणाली होती, हे मी कधी विचारलंच नाही. ते मला लिहा, सविस्तर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी नकोत.

शनिवारी मी लायब्ररीतल्या त्या बाईंबरोबर शहरातली एक शाळा बघायला चाललेय. यांनाही चला म्हटलंय.

आईला नमस्कार, गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कळवा.

तुमची
मनू