सुमे, माझं गणित चुकलं

किचनर, 11 मे 2025

सुमे,

दिवाळीत तू तो नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलास, काकूंचा गुडघा, ओंकारची बारावी, शाळेतलं राजकारण सगळं सांगितलंस, आणि मी काय केलं तर अंगठा पाठवला. त्यानंतर आज लिहितेय. रागावली असशील तर बरोबरच आहे. आमच्याकडे सगळे बरे, माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, मंदारची पाठ तशीच, डॉक्टर पोहा म्हणतो आणि हा सोफ्यावर पडून मला पोहण्याचे फायदे सांगतो. झालं तब्येतीचं.

आज इथे मदर्स डे. ईराने सकाळी माझी कॉफी करून टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता वर निघून गेली. बारा दिवस झाले असंच चाललंय. आणि का ते फक्त तुलाच सांगू शकते, कारण माझं 2012 चं अबॉर्शन फक्त तुला माहितीय. (मंदारला माहितीय अर्थात, पण मंदारशी यावर बोलायचं म्हणजे तो लगेच "आता झालं ते झालं" वर येतो.)

इथली, कॅनडाची निवडणूक झाली ते तू बातम्यांत बघितलंच असशील, 28 एप्रिलला. ट्रम्प रोज उठून कॅनडा आमचं 51 वं राज्य म्हणत होता, टॅरिफ लावत होता, त्यामुळे सगळा देश एकाच प्रश्नावर आला, लिबरल पक्षाचा कार्नी की कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा पॉलिएव्ह. पण मतदान आपल्यासारखंच असतं गं, पंतप्रधानाला नाही, आपल्या मतदारसंघातल्या माणसाला, आणि ज्याला सगळ्यात जास्त तो निवडून आला, मग तेहतीस टक्के मिळोत की साठ. म्हणजे मतविभागणी अगदी आपल्यासारखीच. तुझे बाबा नाही का, विधानसभेच्या वेळी अंगणात खुर्ची टाकून, वहीत गावं मांडून, "हा इतकी खाणार, तो तितकी खाणार, म्हणजे हा पडला" असं करत बसायचे. इथे त्याला स्ट्रॅटेजिक व्होटिंग म्हणतात आणि लोक फार मोठी गोष्ट असल्यासारखं बोलतात. नावडता माणूस पडावा म्हणून आवडता सोडून चालणाऱ्याला मत द्यायचं, एवढंच.

तर माझं गणित असं होतं. कॉन्झर्व्हेटिव्ह येऊ नयेत. मला टॅक्सचं, घरांच्या किमतीचं त्यांचं काही काही पटतं सुद्धा, खोटं कशाला बोलू, पण अबॉर्शनच्या बाबतीत माझा त्यांच्यावर विश्वास नाही. पॉलिएव्ह प्रचारात म्हणाला की आम्ही कायदा आणणार नाही. पण इथे सरकारने आणायलाच लागत नाही, कुठलाही मागच्या बाकावरचा खासदार खासगी विधेयक आणू शकतो, आणि अलीकडे हे सगळं तिथूनच आलंय. 2023 मध्ये एक विधेयक आलं, गरोदर बाईवर हल्ला करणाऱ्याला जास्त शिक्षा द्या म्हणून. ऐकायला किती चांगलं ना? ते 205 विरुद्ध 113 ने पडलं, आणि बाजूने कोण होते तर सभागृहात असलेले सगळेच्या सगळे कॉन्झर्व्हेटिव्ह, पॉलिएव्हसकट. आधी पोटातल्या गर्भाचं नाव कायद्यात आणायचं, मग पुढचं. याला आपल्याकडे चंचुप्रवेश म्हणतात. इथे अबॉर्शनवर फौजदारी कायदाच नाहीये, 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने मॉर्गेंटेलर खटल्यात जुना रद्द केला तो केला. त्याच्या आधी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची कमिटी बसायची आणि ती ठरवायची की या बाईची तब्येत खरंच धोक्यात आहे का. नंतर सरकारने नवा कायदा आणायचा प्रयत्न केला तर 1991 मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या वरच्या सभागृहात, 43-43 अशी बरोबरी झाली आणि तो पडला. बरोबरी, सुमे! एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर 2012 मध्ये माझं काय झालं असतं कोण जाणे.

मला अजून ते आठवतं की माझ्याकडे कुणाचीच सही मागितली नाही. मंदारची पण नाही. मार्च महिना, बाहेर घाणेरडा काळा बर्फ, मंदारची नोकरी जाऊन चार महिने झालेले, ईरा दोन वर्षांची, आणि नववा आठवडा. नर्सने फक्त विचारलं, तुझा स्वतःचा निर्णय आहे ना, कुणी जबरदस्ती करत नाही ना. मी हो म्हटलं, तिने ओहिपचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड घेतलं, संपलं. त्या रात्री मी तुला स्काइपवर सांगितलं आणि तू पहिलं काय विचारलंस?

"चेक केलंस का?"

मला माहितीय तू शंभर वेळा सॉरी म्हणालीस. तेव्हा साडेतीन महिने बोललो नव्हतो आपण. आज तो राग नाहीये, खरंच नाहीये, पण तो प्रश्न आठवतो, कारण तो प्रश्न तुझा एकटीचा नव्हता. आपण दोघींनी पथनाट्य केलेलं, तू पुठ्ठ्यावर लाल रंगाने 913 लिहून गळ्यात अडकवायचीस, महाराष्ट्रात हजार मुलांमागे 913 मुली, आणि मी तुला चिडवायचे की तुमच्या कोल्हापूरचा 839 लिही की, आणि तू त्यावरून बसमध्ये पक्यासमोर माझ्याशी भांडलीस. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत काही कळत नाही हे त्याच नाटकात तुझ्याच तोंडी वाक्य होतं! तरी विचारलंस. आपल्याकडच्या बाईने अबॉर्शन केलं की कुणालाही आधी तेच सुचतं.

आणि इथल्या लोकांना ते नेमकं कळलंय. त्याच जानेवारीत कॅनडाच्या डॉक्टरांच्या मोठ्या जर्नलमध्ये संपादकीय आलं होतं, लिहिणारे डॉ. राजेंद्र काळे, नाव बघून मी आधी खूश झाले. त्यांचं म्हणणं होतं की साधारण तीस आठवड्यांपर्यंत लिंग कुणालाच सांगू नका, कारण एशियन घरांमध्ये मुली पाडल्या जातायत. माणूस कळकळीने लिहीत होता, आणि आपण तरी वेगळं काय ओरडत होतो चौकात. पण मग 2021 मध्ये एका कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार बाईने मुलगी आहे म्हणून केलेलं अबॉर्शन डॉक्टरसाठी गुन्हा ठरवणारं विधेयक आणलं. तेही पडलं, 248 विरुद्ध 82. मला सांग, तो कायदा झाला असता तर डॉक्टरने प्रश्न कुणाला विचारले असते? शेजारच्या जेनिफरला? मला विचारले असते, माझं आडनाव बघून. मुली पाडू नयेत हे मला आजही तितकंच वाटतं, त्यावर मी तुझ्याबरोबर उद्या पुन्हा चौकात उभी राहीन. पण आपल्या मुलींचं नाव पुढे करून कुणी माझ्यासारखीची चौकशी लावणार असेल तर ते मला नकोय. हे मी तेव्हा तुला धड सांगू शकले नव्हते. तेरा वर्षं लागली बघ.

बरं, मुद्दा राहिला. आमचा खासदार माइक मॉरिस, ग्रीन पार्टीचा, 2021 पासून. ग्रीनचे देशात दोनच होते, त्यातला एक आमचा. अबॉर्शनच्या बाजूने पक्का पक्ष. ईराचा तो हिरो. पंधरा वर्षांची पोर थंडीत त्याची पत्रकं वाटत फिरली, अंगणात हिरवा बोर्ड लावला. आणि मी? मी म्हटलं दोन खासदारांचा पक्ष सरकार थोडीच बनवणार, कॉन्झर्व्हेटिव्हना अडवायचं तर लिबरलच्या जागा वाढल्या पाहिजेत, एकेक जागा महत्त्वाची. आणि नुसतं ठरवलं नाही, सांगत सुटले. पाडव्याच्या जेवणाला, ऑफिसात, वरच्या मजल्यावरच्या त्या नवीन जोडप्याला. पुरणपोळी वाढता वाढता मी बायकांना चार्ट दाखवत होते. ईस्टरच्या शुक्रवारी अॅडव्हान्स पोलिंगला गेले, तिघांच्या घरी गाडी नेऊन त्यांनाही नेलं, पेन्सिलने फुली मारली आणि फार जबाबदारीचं काम केल्यासारखी घरी आले.

28 च्या रात्री निकाल लागला. देशात लिबरल आले, बहुमताला 172 लागतात त्यात थोडे कमी पडले, तरी आले. आणि आमच्या मतदारसंघात, किचनर सेंटरमध्ये, कॉन्झर्व्हेटिव्ह बाई जिंकली. मॉरिस दुसरा. फरक चारशेसुद्धा नाही गं, जिथे दोघांनाही वीस हजारांच्या आसपास मतं होती. आणि आमचा लिबरल हजारो मतं घेऊन तिसरा. तुझ्या बाबांनी वही बघून दोन मिनिटांत सांगितलं असतं की पोरी, तुमच्याकडे चालणारा गडी ग्रीन आहे, लिबरल मतं खाणार. मी चार्ट बघत होते ते अख्ख्या प्रांताच्या पोलवरून काढलेले अंदाज, आमच्या गल्ल्यांमध्ये कुणी विचारायलाच आलेलं नव्हतं. आणि ज्या गल्लीत प्रत्येक तिसऱ्या घरापुढे हिरवा बोर्ड आहे तिथून मी रोज चालत बसस्टॉपला जाते.

आता सगळ्यात वाईट ऐक. ही जागा कुणाची होती माहितीय? 2012 मध्ये इथला खासदार होता स्टीफन वुडवर्थ, कॉन्झर्व्हेटिव्ह. मार्चमध्ये मी त्या हॉस्पिटलमधून आले, आणि एप्रिलमध्ये त्याने संसदेत ठरावावर चर्चा सुरू केली की मूल माणूस कधीपासून धरायचं हे तपासायला कमिटी नेमा. कायद्यात आहे की आईच्या शरीरातून पूर्ण बाहेर आल्यावर, ते त्याला बदलायला हवं होतं. सप्टेंबरमध्ये तो ठराव 203 विरुद्ध 91 ने पडला, त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधान हार्परने स्वतः विरोधात मत दिलं, पण त्याची महिला खात्याची मंत्री बाजूने. मी तेव्हा साधी पीआर होते, म्हणजे कायमची रहिवासी पण नागरिक नाही, मत नव्हतं, ईराला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसून मोजत होते. आणि तेव्हाच ठरवलं होतं की नागरिकत्व मिळालं की पहिलं काम हे, ही जागा त्या पक्षाला परत जाऊ द्यायची नाही. ते काम मी इतक्या वर्षांनी असं केलं.

नवीन खासदाराची मतं काय आहेत मला ठाऊक नाही, कदाचित बाई चांगली असेल. तू म्हणशील सरकार तर तुझंच आलं, मग रडतेस का. मंदारही तेच म्हणतो, आणि एका मताने चारशे भरत नाहीत म्हणतो. पण माझं एक मत कुठे होतं सुमे, मी बसून मोजले, अकरा जणांना मी वळवलं. अशी माझ्यासारखी पस्तीस-चाळीस माणसं शहरात असतील तर झाले ना चारशे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ईराने विचारलं, तू कुणाला दिलंस. मी खोटं नाही बोलले. ती म्हणाली, "पण का? तुला ग्रीनच आवडतात ना?" आणि मला उत्तर देता येईना, कारण खरं उत्तर मार्च 2012 पासून सुरू होतं. तिला वाटतंय मी ट्रम्पला घाबरले. तिने बोर्ड उपटून गॅरेजमध्ये ठेवलाय, कचऱ्यात नाही टाकला.

तिला सांगू का? मंदार म्हणतो अठराची होऊ दे. मला वाटतं आत्ताच सांगावं, पण भीती ही वाटते की ती पण पहिलं काहीतरी असं विचारेल की ज्याने मला साडेतीन महिने लागतील. तुला मुलगी नाही पण शाळेत तुझ्यासमोर त्याच वयाच्या चाळीस बसतात, तुला कळेल.

ओंकारने शेवटी इंजिनिअरिंगच ठरवलं का? काकू जिना चढतात का आता? बापट बाई गेल्याचं ग्रुपवर वाचलं, तू गेली होतीस ना, त्यावर सविस्तर सांग. शनिवारी तुझ्या सकाळी आठला फोन करते, तेव्हा दळण, दूधवाला काही सांगू नकोस, गच्चीवर जाऊन बस.

अनु

ता.क. फोनच्या आधी ईराला काही सांगितलं तर तुला मेसेज टाकते. त्याला अंगठा पाठवू नकोस.