मॅमथवरून पुन्हा

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घाल. गुडघा कुरकुरतो, बाकी बरा आहे.

बसलोय ते मॅमथमुळे, त्या नामशेष झालेल्या केसाळ हत्तींमुळे. हसू नकोस. परवा सातवीला मी ठोकून दिलं, "माणसानं मारून खाल्ले." मी हवामानानं संपले म्हणणारा, आणि माझ्या तोंडी तुझं वाक्य! ज्यावरून तू गच्चीत चार दिवस अबोला धरला होतास आणि चहाचे पैसे मात्र माझ्याकडूनच घेत होतास. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, जिथं माणूसच नव्हता तिथले?" मी म्हटलं, पुढच्या तासाला.

रात्री शोधलं. अलास्काजवळ बेरिंग समुद्रात सेंट पॉल नावाचं बेट आहे. मुख्य भूमीवरचे मॅमथ गेले तरी तिथले टिकले, थेट ५,६०० वर्षांपूर्वीपर्यंत. माणूस पोचला १७८७ मध्ये! बर्फ वितळून समुद्र चढला, बेट आक्रसलं, हवा कोरडी झाली, गोडं पाणी आटत आलं. उरलेल्या तळ्यावर सगळा कळप. काठचं गवत तुडवलं, माती पाण्यात, पाणी आणखी गढूळ. तळ्याच्या गाळात शेणावरच्या बुरशीचे बीजाणू मोजून लोकांनी हे हुडकलं, २०१६ साली छापून आलं. तहानेनं मेले रे.

म्हणजे मी जिंकलो, तुला चिडवायला पत्र काढलं. आणि तिथंच अडलो. हवामान त्याआधीही कितीदा पालटलं, तेव्हा का नाही संपले? थंडी जाईल तिकडे सरकायला जमीन होती म्हणून? का भाले नव्हते म्हणून? अमेरिकेत १३,००० वर्षांपूर्वीच्या क्लोव्हिस नावाच्या शिकारी लोकांच्या भाल्यांची दगडी पाती मॅमथच्या हाडांसोबत सापडलीत. हत्तीण बावीस महिने गाभण, पिल्लू बहुधा एकच. दरवर्षी चार जास्त मारले तरी कळप सावरत नाही. हे तू तेव्हाही म्हणाला होतास, शिकारीनंच संपले म्हणणाऱ्या शास्त्रज्ञ पॉल मार्टिनचं नाव घेऊन. मी ऐकलंच नाही, कारण तू माझी निळी चादर पांघरून बोलत होतास.

बेटावर माझं खरं, मुख्य भूमीवर बरंचसं तुझं. पण हवामानानं आधी कळप विरळ केले आणि मग शिकारी आले, असं कितपत? हे पस्तीस मिनिटांत सातवीला कसं सांगू? रात्री दोनला उठून पाणी प्यायलो.

वहिनींची बदली झाली का? धाकट्याची बारावी आहे ना यंदा? कळव.

सोमवारी तास आहे, त्याआधी फोन कर. चादर अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
नाना