आजीच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा कच्चा मजकूर वाचला. ‘मायेचा सागर’, ‘गल्लीची माउली’ हे सगळं खरं आहे, पण ते कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल. आपली आजी नेमकं काय करायची आणि कसं करायची, ते त्यात यायला हवं. गल्लीतल्या बायकांना उद्या तेच कामाला येईल. मला जे मोलाचं वाटतं ते खाली लिहिलंय. आई, तुला जास्त माहिती आहे, सुटलेलं तू भर.

सगळ्यात आधी, कुणाच्या घरी माणूस गेलं की आजी काय करायची ते लिहा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भाकरी पोचवतात. पण पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचेच डबे येतात, अन्न वाया जातं आणि पाचव्या दिवसापासून कुणी फिरकत नाही. पाहुणे मात्र दहाव्या-तेराव्यापर्यंत असतातच. आजी पहिल्याच संध्याकाळी वहीच्या पानावर तेरा रेघा आखायची. रोज दोन घरं, एक सकाळच्या जेवणाला, एक रात्रीच्या. चहा, साखर आणि दूध तिसऱ्याच घराकडे, कारण बसायला येणाऱ्यांचा चहा दिवसभर चालतो आणि तो कुणाच्या हिशेबात नसतो. किलोभर ज्वारीच्या पिठात मध्यम दहा-बारा भाकऱ्या होतात, तेव्हा वीस माणसांना साडेतीन किलो पीठ आणि पाऊण किलो बेसन असं मोजूनच ती सांगायची. ज्या घराला परवडत नाही त्यांच्याकडे पाणी भरणं किंवा भांडी घासणं द्यायची. पाळी सगळ्यांची असायची, कुणाला वगळलं जायचं नाही.

त्यानंतर कागदपत्रं. हा भाग मजकुरात अजिबात नाही आणि माझ्या मते आजीचं सगळ्यात मोठं काम हेच. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. उशीर झाला की शुल्क लागतं आणि फार उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी फेऱ्या सुरू होतात. दाखल्यावरचं नाव आधार, बँक पासबुक आणि सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर जुळतंय का, हे ती कुणातरी शिकलेल्या पोराला समोर बसवून वाचून घ्यायची. ‘बाई’, ‘ताई’, ‘राव’ एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं, तिथेच काम अडतं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेवायला लावायची, कारण बँक, विमा, तलाठी, पेन्शन, प्रत्येक ठिकाणी एक जातेच.

जमीन असेल तर वारसनोंदीची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी लागते. अर्जात सगळे वारस लिहिलेत का, हे आजी स्वतः विचारायची. बायको, आई, लग्न झालेल्या मुली, सगळ्यांची नावं. घरातली पुरुषमाणसं ‘आता तिचं काय त्यात’ म्हणून बायकोचं नाव गाळतात आणि पुढे त्या बाईला स्वतःच्या शेतावर पीककर्जही मिळत नाही. लेकी माहेरी जमलेल्या असतात, रडून थकलेल्या असतात, तेव्हाच हक्कसोडपत्राचा विषय निघतो. आजीचा नियम पक्का होता. तेराव्याच्या आत मुलींनी कुठल्याही कागदावर सही करायची नाही. वाटा सोडायचा की नाही हे ती कधी सांगायची नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे फिरत नाही, या दोन गोष्टी ती प्रत्येक लेकीला बाजूला बसवून सांगायची. हे पुस्तिकेत ठळक छापा. काहींना आवडणार नाही, तरी छापा.

बचत गटाबद्दल ‘गट यशस्वीपणे चालवला’ एवढं एकच वाक्य आहे. तो कसा टिकला ते लिहायला हवं. गटात दहा ते वीस बायका असतात आणि सगळ्यांची बचत सारखी. ऐपत असली तरी कुणी जास्त टाकायची नाही, नाहीतर जास्त पैसेवालीचा शब्द चालायला लागतो. कर्जावर महिना शेकडा २ रुपये व्याज, पण फक्त उरलेल्या मुद्दलावर. ५,००० रुपये दहा हप्त्यांत फेडले तर पहिल्या महिन्यात व्याज १००, मग ९०, ८०, शेवटी १०, असं एकूण ५५०. मुद्दल कमी होत असताना दर महिन्याला सरसकट १०० घेतले तर तेच १,००० होतं. कितीतरी गट इथेच मोडतात, कारण फेडणारीला आपण लुबाडलो गेलो असं वाटतं आणि तिचं वाटणं बरोबरच असतं.

हप्ता जमणार नसेल तरी बैठक चुकवायची नाही, निदान व्याज घेऊन यायचं. सासू-सून किंवा जावा-जावांनी एकमेकींना जामीन राहायचं नाही, कारण घरात भांडण झालं की दोन्ही हप्ते एकदम थांबतात. दवाखान्यासाठी पैसे त्याच दिवशी मिळायचे, लग्नासाठी पाळी लागायची. पेटीची किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे. चूक झाली तर खाडाखोड नाही, एक आडवी रेघ आणि शेजारी दोघींच्या सह्या. उठण्याआधी प्रत्येकीच्या पासबुकातला आकडा मोठ्याने वाचायचा, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही आपले पैसे कळतात. बाबा, लाल कापडी बांधणीची वही तुमच्या कपाटात आहे. तिच्यातल्या एका कोऱ्या पानाच्या रकान्यांचा फोटो छापा. तारीख, जमा, मुद्दल, व्याज, बाकी, सही.

उन्हाळ्यातल्या कुरडयांवर थोडक्यात लिहिलं तरी चालेल, पण प्रमाण बरोबर द्या. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. नाहीतर उग्र वास येतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. जेवढा चीक तेवढंच पाणी हिंग-मीठ घालून उकळायचं आणि एकीने चीक ओतताना दुसरीने हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळ्या. चकाकी येईपर्यंत शिजवायचा. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते. गरम असतानाच सोऱ्यातून घालायची. आई, पाण्याचं प्रमाण तू एकदा तपासून बघ. एका घरी घाणा घालायला चार बायका लागतात, म्हणूनच आजी गल्लीतल्या घरांचे दिवस आधी ठरवून घ्यायची आणि जिच्याकडे माणूसबळ नाही तिचं घर पहिलं धरायची.

एक शेवटचं. वहीतली कर्जाची पानं छापू नका, आजीच्या कौतुकापोटीसुद्धा नाही. कुणी कशासाठी पैसे घेतले हे तिने घरातसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही. गटाच्या बायका मागतील तर मूळ वही त्यांच्या हवाली करा, ती त्यांचीच आहे. मजकूर छापायला देण्याआधी वारसनोंदीचा भाग तलाठी कार्यालयात एकदा दाखवून घ्या.

तुमची लेक