गुणसूत्रे तुटली, पण किती मात्रेला?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘अमुक रसायनाने मानवी पेशींतील गुणसूत्रे तुटतात’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. रसायनाची मात्रा किती होती, पेशी किती मेल्या, याचा त्यात पत्ताच नसतो. वाचक उगाच धास्तावतात.

गुणसूत्रांना इजा होते का हे पाहणारी चाचणी बऱ्याचदा रक्तातील लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींवर करतात. या पेशी एरवी विभागत नाहीत. विभाजनाला चालना देणारे फायटोहिमॅग्लुटिनिन घालून 37 अंशांना ठेवल्या, की सुमारे 48 तासांत जोमाने विभागू लागतात. मग रसायन देतात आणि सायटोकॅलॅसिन-बी घालतात. त्यामुळे केंद्रक दुभंगते, पेशी मात्र अखंड राहते. दोन केंद्रकांची पेशी दिसली की ती एकदा विभागली हे पक्के. विभाजनात मागे पडलेला गुणसूत्राचा भाग तिच्यात वेगळे सूक्ष्मकेंद्रक होऊन दिसतो, व्यासाने मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून लहान. प्रत्येक मात्रेला अशा दोन केंद्रकांच्या किमान 2000 पेशी तपासाव्या लागतात.

पण सूक्ष्मकेंद्रक दोन वाटांनी तयार होते. मायटोमायसिन-सी हे कर्करोगावरचे औषध थेट डीएनएवर घाव घालते आणि तुटका तुकडा मागे राहतो. कळलावीच्या कंदातले कोल्चिसिन डीएनएच्या वाटेला जात नाही. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून विभाजनात गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे तर्कुतंतू बनू देत नाही, आणि अख्खे गुणसूत्रच मागे राहते. नेहमीच्या रंगाखाली दोन्ही सारखीच दिसतात. गुणसूत्रबिंदू, म्हणजे तर्कुतंतू जिथे जोडले जातात तो गुणसूत्राचा भाग, चमकवणारी वेगळी तपासणी केली तरच फरक कळतो. आणि तो कळायलाच हवा. तर्कुतंतू बिघडायला बरेच रेणू लागतात, त्यामुळे ठरावीक मात्रेखाली परिणाम दिसत नाही. डीएनएला थेट चिकटणाऱ्या रसायनासाठी अशी सुरक्षित मर्यादा सहसा धरत नाहीत.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, या चाचणीसाठीच्या 487 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे विषारी रसायनाची मात्रा पेशींची वाढ साधारण 55 टक्क्यांनी घटेल इथवरच न्यायची. त्यापुढे मरणासन्न पेशींतली मोडतोड दिसू लागते आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो. द्रावणाचा पीएच किंवा क्षारांचे प्रमाण बिघडले तरी हेच होते. म्हणून बातमीत मात्रा आणि पेशींची घट हे दोन आकडे तरी द्यावेत.

याच्या उलट चूकही घडते. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचे औषध नुसते घातले तर पेशींना फारसे काही होत नाही. यकृतातील विकरे त्याचे घातक रूप बनवतात. म्हणून चाचणीत उंदराच्या यकृताचा, ही विकरे असलेला ‘एस-9’ अर्क घालून वेगळा संच लावतात. कंपनीचा ‘सुरक्षित’ असा दावा छापण्याआधी हा संच लावला होता का, एवढे आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावे.

आपला विश्वासू,
पेशी-आनुवंशिकीचा एक अभ्यासक