कठडा अजून गॉजपट्टीनेच बांधलेला आहे

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जिल्हा रुग्णालयातल्या पेशंटची सुरक्षितता, आणि लेखी देऊनही न पाळलेला शब्द.

महोदय,

सा. न. वि. वि.

मी एसटीत वाहक आहे. मराठवाड्यातल्या एका आगारात अकरा वर्षं ड्यूटी करते. गेल्या मंगळवारी चुलत सासऱ्यांना बघायला आमच्या सिव्हिलच्या हाडांच्या वॉर्डात गेले होते. त्यांना भेटून निघताना पाय आपोआप सतरा नंबरच्या खाटेकडे वळले. त्या खाटेच्या डाव्या कठड्याचा खालचा बोल्ट नाही. कठडा गॉजपट्टीने बांधलेला आहे. फेब्रुवारीतही तो असाच बांधलेला होता, आणि त्याच कठड्याला धरून माझी आई खाली पडली होती.

तेव्हा मी लेखी तक्रार दिली. उत्तरही आलं, जावक क्रमांक आणि शिक्क्यासह. ‘आठ दिवसांत दुरुस्ती करण्यात येईल, एका महिन्यात वॉर्डातील सर्व खाटांना कठडे बसविण्यात येतील व रात्रपाळीस जादा सेविका देण्यात येईल.’ तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. त्याला आता सात महिने झाले. मंगळवारी त्या खाटेवर दुसऱ्याच कुणाची तरी आई झोपलेली होती.

माझ्या आईचं वय सदुसष्ट. ओल्या ओट्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला नऊ दिवस लागले, कारण आत टाकायचा रॉड आला नव्हता. हे नऊ दिवस ती उताणी पडून होती. गादीचं रेक्झिन फाटलेलं, वर आम्ही घरून नेलेली चादर. चौथ्या दिवसापासून ती म्हणत होती, ‘बाई, खाली जळल्यासारखं होतंय.’ मला वाटलं, पडून पडून अंग दुखत असेल. मी तिला म्हणाले, ‘आई, जरा सहन कर.’ साहेब, हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. सहाव्या दिवशी वास यायला लागला तेव्हा चादर काढून बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळ्या.

दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती, असं मला त्या दिवशी कळलं. मोडलेल्या खुब्याचा पेशंट वळवायला दोन माणसं लागतात, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी लागते, टाचांखाली घडी घालावी लागते. भरती झालो त्याच दिवशी कुणी हे पाच मिनिटं दाखवलं असतं, तर मी आणि माझ्या भावाने नऊ दिवस, नऊ रात्री ते केलं असतं. एअर बेडची गोष्ट तर मी काढतच नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. ज्या डॉक्टरांनी ते केलं त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. घात झाला तो तिसऱ्या रात्री. अडीच वाजले होते. एक इंजेक्शन वॉर्डात नव्हतं म्हणून सिस्टरने चिठ्ठी दिली आणि मी रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये गेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हे मला माहीत आहे. आमच्या गावात त्याचे बॅनर लागले होते. त्या एकवीस दिवसांतल्या ‘बाहेरून आणा’च्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. मोजल्या तर तीन हजार आठशेच्या वर जातात. पैसे गेले, जाऊ द्या. त्या चिठ्ठीपायी मी आईजवळ नव्हते, हे मी कुणाकडे मागू?

तिला लघवीला लागली. बेडपॅन वॉर्डात दोनच, तेही संडासात पडलेले. तिने हाका मारल्या. खाटेला बेल नाही. सिस्टर एकटी, पलीकडच्या टोकाला कुणाला तरी रक्त चढवत होती. आईने कुशीवर वळायला कठडा धरला, गॉजपट्टी सुटली आणि ती कठड्यासकट फरशीवर आली. मी परत आले तेव्हा सलाईनची सुई निघून हातातून रक्त वाहत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत होती. तिच्या स्वतःच्या पायाला वजन लटकवलेलं, तिला उठताच येत नव्हतं. आईला उचलायला वॉर्डबॉय मामा यायला वीस मिनिटं लागली. रॉड सरकला होता. दुसरं ऑपरेशन झालं. मे महिन्यात माझ्या भाचीच्या लग्नात ती स्वतःच्या पायाने चालणार होती. आज वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, तेही माझा हात धरून.

त्या सिस्टरला निलंबित करा असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगते, कारण आपल्याकडे चौकशी झाली की सगळ्यात खालचंच माणूस सापडतं. त्या रात्री वॉर्डात मी मोजले होते, बावन्न पेशंट. तीस खाटांवर तीस, बाकीचे खाली गाद्यांवर. जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक परिचारिका असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. म्हणजे दहा सिस्टर हव्या होत्या. होती एक. तिने कुठे कुठे धावायचं?

मी माझ्या नोकरीतली गोष्ट सांगते. आमच्या गाड्या जुन्या आहेत, पत्रे वाजतात, लोक आम्हाला शिव्या घालतात. पण त्याच खडखड्या गाडीत मागच्या बाजूला ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि ते दार उघडतं की नाही हे बघणं माझं काम आहे. आईच्या वॉर्डातही तसं एक दार आहे. त्याला कुलूप आहे, आणि समोर तुटक्या खाटा, गंजलेले सलाईनचे स्टॅण्ड, एक मोडकं स्ट्रेचर रचलेलं आहे. किल्ली कुणाकडे आहे, असं मी मंगळवारी तीन जणांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली.

भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजनची गळती झाली आणि बावीस जण गेले. दोन दिवसांनी विरारच्या अतिदक्षता विभागात आग. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये पुन्हा अतिदक्षता विभागातच आग, अकरा पेशंट गेले. भंडाऱ्यानंतर दहा महिन्यांनी! मग २०२३च्या ऑक्टोबरात नांदेड, चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यातली बारा नवजात बाळं. नांदेड आमच्यापासून लांब नाही. त्या आठवड्यात माझ्या गाडीत दवाखान्याच्या पिशव्या घेऊन बसलेले लोक एकमेकांशी बोलत नव्हते. दर वेळी समिती नेमली, मदत जाहीर झाली, मंत्री येऊन गेले. त्या समित्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी एक तरी गोष्ट आमच्या वॉर्डात येऊन पोचली असती, तर त्या दाराला कुलूप असतं का?

पैसा नाही असं कुणी सांगू नये. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे की राज्यांनी २०२०पर्यंत बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. रस्ते होतात, त्यावरून मी रोज जाते, चांगले झालेत. पण एका बोल्टला सात महिने लागतात, तेव्हा तो प्रश्न पैशाचा राहत नाही. त्या खाटेवर कोण झोपतं याचा प्रश्न असतो. शेतमजूर, विटभट्टीवाले, माझ्या आईसारख्या बायका. ज्यांच्या सहीने बोल्ट येतो, त्यांच्या घरचं कुणी त्या खाटेवर कधी झोपत नाही. लोक मला म्हणाले, ‘खाजगीत न्यायचं होतं.’ का न्यायचं? हा दवाखाना आमचा नाही का? माझ्या पगारातून आणि आईने दुकानातून आणलेल्या प्रत्येक साबणाच्या वडीतून कर जातो.

मला मदतनिधी नको. हाडांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला दोन्ही बाजूंनी घट्ट कठडे, हाताशी बेल, रात्री दोन सिस्टर आणि दोन मावश्या, आणि भरती करतानाच नातेवाइकाला कूस कशी बदलायची ते दाखवणं, एवढंच मागते. ते दार मात्र आधी उघडा.

आईची जखम अजून भरलेली नाही. रोज पहाटे आगारात जाण्याआधी मी ड्रेसिंग करते. ती आता दुखतंय असं म्हणत नाही, नुसती उशीचा कोपरा धरून ठेवते.

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. येत्या गुरुवारी जावक क्रमांकाचा तो कागद घेऊन मी वॉर्डात जाणार आहे. सतरा नंबरची खाट आणि दाराचं कुलूप, दोन्ही बघणार आहे. त्यानंतरच्या गुरुवारीही जाणार आहे.

आपली,
सतरा नंबरच्या पेशंटची मुलगी