पाचवीनंतर बुद्धिमत्तेचा तास बंद!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. बरीच वर्षं पाचवी माझ्याकडे आहे. 2025-26 पर्यंत शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीला असायची. तिच्या दुसऱ्या पेपरात 150 पैकी 100 गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीला, त्यामुळे दिवाळीनंतरचे आमचे जादा तास त्यातच जायचे. क्रमिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, आरशातली प्रतिमा. दहा वर्षांची पोरं पटापट सोडवायची. आठवीला पुन्हा शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा), तोवर सराव कसाबसा टिकायचा. नववीपासून या विषयाला वेळापत्रकात जागाच नाही. मग बारावीत केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, सीयूईटीचा, फॉर्म भरताना कळतं की त्यात सामान्य अभिक्षमता चाचणी आहे. उघडून पाहावं तर पुष्कळसं आपलं जुनंच: तर्क, अंकगणित, आकडेमोड. वर सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. (तुमचा पेपर आमच्या गावात अकराच्या एसटीनं येतो, तोवर मुलं कॉलेजात गेलेली असतात, हेही जाता जाता सांगते.)

यंदा माझीच मुलगी या चाचणीला बसली. 50 प्रश्न, 60 मिनिटं. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं तर 1 वजा. "निगेटिव्ह आहे, नक्की येत असेल तरच हात लाव," असं तिला ज्यानं त्यानं बजावलं. मीही. उत्तरतालिका आल्यावर दोघी वही घेऊन बसलो, तर लेकीनं 19 प्रश्न कोरे सोडलेले! त्यातल्या दहाएक प्रश्नांत तिनं चारपैकी दोन पर्याय मनात खोडले होते. उरलेल्या दोनांत अडली आणि पुढे सरकली. आता हिशेब करा. त्या दहांपैकी निम्मे जरी बरोबर आले असते तरी 25 मिळून 5 गेले असते, म्हणजे 20 गुण पदरात. अगदी डोळे मिटून चार प्रश्नांना खुणा केल्या तरी सरासरीनं एक बरोबर, तीन चूक. पाचातून तीन वजा, दोन उरतातच. रोज फळ्यावर वजाबाकी शिकवणाऱ्या आईला हे परीक्षा होऊन गेल्यावर सुचलं.

दुसरा घोळ फॉर्मचा. ही परीक्षा 13 भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. पण तालुक्याला जिथं फॉर्म भरला, तिथल्या माणसानं न विचारताच माध्यम इंग्रजी टाकलं. आम्हीही प्रिंट न वाचता घडी करून पिशवीत टाकली. फॉर्म दुरुस्त करायला मुदत मिळते, पण ती गेल्यावर आमच्या लक्षात आलं. काका, मामा, मावसा, तिघांनाही इंग्रजीत एकच अंकल. मराठीत वाचता वाचता सुटणारा नात्याचा प्रश्न तिला तीनदा वाचावा लागला, आणि इथं एका प्रश्नाला मिळतात 72 सेकंद.

परीक्षेच्या महिनाभर आधीची गोष्ट. ती ओसरीत बैठक व्यवस्थेचं उदाहरण घेऊन बसली होती: गोल टेबल, आठ माणसं, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. अर्धा तास झाला तरी जमेना. शेजारचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, माझाच जुना विद्यार्थी. तो आला, अंगणातल्या मातीत बोटानं गोल काढला, त्यावर आठ सरक्या मांडल्या. म्हणाला, "तोंड आत असलं का डावा हात घड्याळाच्या काट्यासंगं जाते, बाहीर असलं का उलटा. बाई, रांगेतलं तुमीच शिकोलं होतं ना? हे तेच हाय, निस्तं गोल." पाच मिनिटांत तिनं तसली तीन उदाहरणं सोडवली.

भरतीच्या लेखी परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण असतं. त्यामुळे आमच्या ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेतले हे पोट्टे रोज दोन-दोन तास तेच करतात. त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर अकरावी-बारावीची मुलं रसायनशास्त्राच्या व्याख्या घोकत बसलेली असतात. एकमेकांच्या वहीत डोकावायचं कोणालाच सुचत नाही. शहरातल्या क्लासची फी भरणं आमच्या कापूसवाल्या घरांना झेपत नाही, आणि निदान या एका विषयासाठी तरी त्याची गरज मला दिसत नाही. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीपासून आठवड्याला दोन तास बुद्धिमत्तेला द्यावेत, वेळ लावून पेपर सोडवून घ्यावेत, आणि फॉर्म भरायच्या दिवसांत एखाद्या शिक्षकानं प्रत्येकाच्या प्रिंटवरचं माध्यम तेवढं वाचून पाहावं. यातल्या कशालाही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आम्ही दर रविवारी सकाळी आठ ते दहा शाळेच्या व्हरांड्यात वर्ग सुरू केला आहे. शिकवतो तो भरतीचा मुलगा. मैदानावरून धावून तसाच घामेजलेला येतो. अकरावीची नऊ मुलं येतात. फळा पाचवीचा आहे, त्यामुळे उंच पोरांना वाकून लिहावं लागतं. शेजारच्या गावांतली मुलं आली तर सतरंजी आणखी आहे.

– एक शिक्षिका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ